हाती न येणारा वायू

शहाद्याहून उत्तरेकडे पाहिले म्हणजे सातपुड्याची निळी रेघ दिसते. ती ओलांडून धडगावचा डोंगराळ मुलूख मागे टाकला आणि नर्मदेच्या पलीकडे गेले, की गुजरातच्या छोटा उदेपूर जिल्ह्यात आंबाडुंगर नावाचा डोंगर लागतो. सरळ रेषेत मोजले तर आपल्या गावापासून तो साठ-सत्तर किलोमीटरांवर असेल. मुंबईच्या सेंट झेव्हियर कॉलेजातील भूशास्त्राचे प्राध्यापक सुखेश्वाला आणि अणुशक्ती खात्याच्या खनिज विभागातील उदास या दोघांनी १९६३ साली या डोंगराकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. आपल्या सातपुड्याचा काळा पाषाण ज्या ज्वालामुखी उलथापालथीत तयार झाला, त्याच सुमारास, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, या एका ठिकाणी कार्बोनेटाइट नावाचा विरळा खडक वर आला. त्याच्या अंगाखांद्यांवर जांभळट, हिरवट, कोठे पांढुरक्या स्फटिकांचे एक खनिज साचले. त्याचे नाव फ्लोरस्पार. पुढे जवळच कडीपाणी येथे गुजरात खनिज विकास महामंडळाने हे खनिज शुद्ध करण्याचा कारखाना उभारला.

आता तोंड पश्चिमेकडे वळवू. प्रकाशाला गोमाईचे पाणी घेऊन तापी पुढे जाते, ती सुरतेस समुद्राला मिळते. त्या सुरतेजवळ भेस्तान येथे १९६७ सालापासून ‘नवीन फ्लोरिन’ या नावाचा कारखाना आहे. फ्रीज थंड करणारे वायू देशात प्रथम तयार करणाऱ्यांपैकी तो एक. त्याच्या सगळ्या कामाचा पाया फ्लोरस्पारपासून निघणाऱ्या एका अम्लावर आहे. म्हणजे उत्तरेस दगड, पश्चिमेस कारखाना आणि मध्ये आपण. तेव्हा या दगडात कोंडलेला वायू माणसाने बाहेर कसा काढला, याची हकीकत शहाद्याच्या श्रोत्यांपुढे मांडावयास आम्हांस काही संकोच वाटत नाही. विषय रसायनशास्त्राचा असला तरी आम्ही तो इतिहास म्हणूनच सांगणार आहो.

शंभर ग्रॅम शुद्ध फ्लोरस्पार घेतला तर त्यात सुमारे ४९ ग्रॅम फ्लोरीन असतो. उरलेले कॅल्शियम, म्हणजे चुन्यातील धातू. निम्मा दगड ज्याचा बनलेला आहे ते मूलद्रव्य सापडण्यास अडचण कसली, असे कोणासही वाटेल. परंतु या दगडापासून अम्ल निघाल्यानंतर त्यातील मूलद्रव्य मोकळे होण्यास ११५ वर्षे लागली. त्या अवधीत दोघांचे प्राण गेले आणि कित्येकांची प्रकृती कायमची खालावली.

दगडाची ओळख मात्र फार जुनी. जर्मनीतील खाणींचे वर्णन करणाऱ्या ॲग्रिकोला या वैद्याने १५३० च्या आपल्या ग्रंथात त्याचा उल्लेख केला आहे. आपल्याकडे सोनार डाग देताना टाकणखार टाकतो, कारण त्यामुळे धातू चटकन वाहू लागतो. तिकडील खाणकामगार भट्टीत हा दगड टाकीत, तो याच कामासाठी. ‘फ्लुएरे’ या लॅटिन शब्दाचा अर्थ वाहणे. दगडाचे नाव त्यावरून पडले आणि दगडावरून मूलद्रव्याचे. वाहणारा म्हणून ज्याचे बारसे झाले, तो पुढे कोणाच्याही भांड्यात राहीना, हा योगायोग गमतीचा आहे खरा.

१७७१ साली स्वीडनमधील औषधविक्रेता शेले याने फ्लोरस्पारवर गंधकाचे तीव्र अम्ल ओतून ते तापविले. वाफ निघाली आणि तिने काचेचे भांडेच खाल्ले. काच खाणारे हे अम्ल म्हणजे आज आपण ज्याला हायड्रोफ्लोरिक अम्ल म्हणतो ते. त्या काळी प्रत्येक अम्लात ऑक्सिजन असतोच, असा लाव्हॉझियेचा सिद्धान्त होता. त्याने १७८९ च्या आपल्या मूलद्रव्यांच्या यादीत या अम्लातील अज्ञात घटकाला एक जागा राखून ठेवली आणि विषय तेथेच थांबला. तो पुढे नेला एका गणिती पदार्थवैज्ञानिकाने. विजेचा प्रवाह मोजताना ज्याचे नाव आपण रोज घेतो, तो अँपिअर. लंडनच्या हंफ्री डेव्हीने नुकतेच दाखवून दिले होते की क्लोरीन हे स्वतंत्र मूलद्रव्य आहे आणि मिठाच्या अम्लात ऑक्सिजनचा लवलेशही नाही. अँपिअरने १८१० व १८१२ मध्ये डेव्हीला पत्रे लिहून सुचविले, की दगडाच्या या अम्लाचीही तीच गत असावी. त्यात हायड्रोजनशी बांधलेले, क्लोरीनच्या कुळातले एक नवे मूलद्रव्य असावे. नावही त्यानेच सुचविले. मूल जन्मास येण्यापूर्वी चौऱ्याहत्तर वर्षे बारसे उरकले गेले.

डेव्हीच्या हाती त्या काळातील सर्वांत धारदार हत्यार होते, विजेचा प्रवाह. त्याच्या बळावर त्याने १८०७ साली पोटॅशियम व सोडियम वेगळे केले होते. या क्रियेला विद्युत् विच्छेदन म्हणतात. ती समजण्यास प्रयोगशाळेत जाण्याचे कारण नाही. घरातील इन्व्हर्टरच्या बॅटरीत आपण अधूनमधून शुद्ध पाणी घालतो. आधीचे पाणी काही नुसते आटून गेलेले नसते. भारित करताना प्रवाहाने त्याचे तुकडे केलेले असतात. एका पट्टीवर हायड्रोजनचे बुडबुडे येतात, दुसरीवर ऑक्सिजनचे. म्हणूनच त्या बॅटरीजवळ काडी ओढू नये. आणखी एक गोष्ट येथेच लक्षात ठेवावी, कारण पुढे ती कामास येणार आहे. अगदी शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहतच नाही. बॅटरीत ती वाहते याचे कारण पाण्यात अम्ल मिसळलेले असते. अम्ल किंवा लवण विरघळले म्हणजे त्याचे भारित कण, ज्यांना आयन म्हणतात, ते सुटे होतात, आणि विजेचे ओझे तेच वाहून नेतात.

१८१३ साली डेव्हीने हे हत्यार नव्या अम्लावर चालविले. धनाग्रावर, म्हणजे विजेच्या धन टोकावर, फ्लोरीन यावा अशी अपेक्षा होती. आला तो ऑक्सिजन. प्लॅटिनमची तार झिजली, भांडी खराब झाली, आणि वाफेने डेव्हीचे डोळे व नखे दुखावली. भांडी बदलून पाहिली, पण यश आले नाही. कोठेतरी पाणी मुरत होते, आणि या प्रकरणी ते अक्षरशः पाणीच होते! शेलेच्या रीतीने केलेल्या अम्लात पाणी राहतेच. फ्लोरीनची इलेक्ट्रॉनवरची पकड सगळ्या मूलद्रव्यांत घट्ट. ती सोडवून त्याला मोकळा करण्यास विजेचा जेवढा दाब लागतो, त्याच्या निम्म्याहून कमी दाबात पाण्यातून ऑक्सिजन सुटतो. आजच्या मोजमापात हे आकडे २.८७ व १.२३ व्होल्ट असे आहेत. पाण्याचा थेंब शिल्लक असेतो प्रवाह पाण्यावरच खर्च होणार, आणि यदाकदाचित फ्लोरीन सुटलाच तर तो तत्काळ पाण्यातील हायड्रोजन हिसकावून पुन्हा अम्लात लपणार. मिठाच्या पाण्यातून क्लोरीन काढता येतो, फ्लोरीन येत नाही, तो यासाठी.

डेव्हीस हे आकडे ठाऊक असणे शक्यच नव्हते. एवढे मात्र उघड झाले की गाठ दुहेरी आहे. पाणी नको, हे एक. आणि ज्याला हा वायू खाणार नाही असे भांडे हवे, हे दुसरे.

दुसऱ्या गाठीवर आयर्लंडच्या जॉर्ज व टॉमस नॉक्स या भावांनी १८३६ च्या सुमारास मोठी बुद्धिमान युक्ती काढली. फ्लोरस्पार आधीच फ्लोरीनने तृप्त आहे, तेव्हा त्याचेच भांडे कोरले तर फ्लोरीन त्याला आणखी काय खाणार? भांडे टिकले, भाऊ टिकले नाहीत. टॉमस मरता मरता वाचला, आणि जॉर्जला प्रकृती सावरण्यासाठी तीन वर्षे नेपल्समध्ये काढावी लागली. त्यांच्या मागोमाग ब्रुसेल्सच्या लुये याने तेच प्रयोग चालू ठेवले. तो १८५० साली वारला. नान्सी येथील प्राध्यापक निक्लेस १८६९ साली याच वाफेने गेला.

हे अम्ल दुसऱ्या अम्लांसारखे भाजत नाही, म्हणून ते अधिक घातकी. त्याचे विरळ द्रावण कातडीवर पडले तर प्रथम फारसे काही जाणवतही नाही. ते आत उतरते आणि ऊतींतील, रक्तातील, हाडांतील कॅल्शियम शोधीत जाते. काही तासांनी वेदना सुरू होते तेव्हा नुकसान होऊन चुकलेले असते. आजही त्यावर पहिला उपचार कॅल्शियमयुक्त मलमाचा करतात, म्हणजे हाडांऐवजी त्याला दुसरे खाद्य पुरवितात. फ्लोरीन व कॅल्शियम यांचे सख्य आंबाडुंगरच्या दगडात आहे तेच माणसाच्या हाडातही आहे. त्याची मंद आवृत्ती पाहावयाची तर आपल्याच राज्यात यवतमाळ-चंद्रपूरकडील काही गावे पाहावी. तेथे विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्यात खडकांतून फ्लोराइड झिरपते. दर लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ते चालते, दुसरा मार्गच नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत. त्यापलीकडे वर्षानुवर्षे प्याले तर मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, आणि प्रमाण फार असेल तर म्हाताऱ्यांचे सांधे व कणा ताठरतात. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने तुरटी आणि चुना वापरून हे पाणी सुधारण्याची ‘नलगोंडा पद्धत’ बसविली, हे वैदर्भीयांना ठाऊक असेल. दंतमंजनातील चिमूटभर फ्लोराइड दात राखते आणि विहिरीतील जास्तीचे दात खाते, एवढे नीट समजले तरी पुष्कळ झाले.

पुन्हा आपल्या हकीकतीकडे वळू. पाण्याची गाठ सोडविली पॅरिसच्या एदमों फ्रेमीने. आमच्या मते या इतिहासात त्याला मिळावयास हवा तेवढा मान मिळालेला नाही. १८५४ च्या सुमारास त्याने पाणी टाळण्यासाठी फ्लोरस्पारच वितळविला आणि त्या लालबुंद रसात वीज सोडली. धनाग्रावर वायूचे बुडबुडे आले. तो वायू फ्लोरीनच असावा असे त्याला वाटले, आणि बहुधा ते बरोबरही होते. परंतु त्या प्रचंड उष्णतेत वायू क्षणभरही टिकेना. समोर येईल ते खाऊन नाहीसा होई. मग फ्रेमीने पोटॅशियमचे एक दुहेरी लवण कोरडे करून तापविले आणि त्यातून अगदी निर्जल हायड्रोजन फ्लोराइड मिळविले. आता पाणी नाही, विस्तवाचीही गरज नाही. त्याने त्यात वीज सोडली, आणि वीज वाहीना. निर्जल हायड्रोजन फ्लोराइड शुद्ध पाण्यासारखेच विजेला वाट देत नाही. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या जॉर्ज गोर यानेही १८६९ साली तेच पाहिले. त्याच्या हाती थोडाफार वायू आलाही असावा, पण तो हायड्रोजनला भिडला आणि उपकरण उडाले. हातातोंडाशी आलेला घास गेला. पाणी असेल तर फ्लोरीन नाही, आणि पाणी नसेल तर वीजच नाही, अशा चिमट्यात प्रश्न अडकून पडला.

हा चिमटा सोडविणारा आंरी म्वासां १८५२ साली पॅरिसमध्ये जन्मला. घरची स्थिती बेताची, शालेय शिक्षण अर्धवट, काही काळ औषधाच्या दुकानात उमेदवारी. पुढे फ्रेमीच्या प्रयोगशाळेत त्याला रसायनाची गोडी लागली. १८८२ साली लिओनी ल्युगां हिच्याशी त्याचा विवाह झाला. सासरे मो गावचे औषधविक्रेते. जावयाने पोटाची चिंता न करता प्रयोग करावेत एवढी सोय त्यांनी करून दिली. रसायनशास्त्राच्या ग्रंथांत सासऱ्यांचा उल्लेख क्वचितच येतो, म्हणून तो येथे मुद्दाम केला.

म्वासांने १८८४ पासून हे काम अंगावर घेतले. प्रथम त्याने फॉस्फरसची व आर्सेनिकची फ्लोराइडे चाळून पाहिली. आर्सेनिकचे फ्लोराइड द्रवरूप असते, त्यात पोटॅशियमचे दुहेरी लवण थोडे घातले की वीजही वाहते. पण काही वेळाने ऋणाग्रावर आर्सेनिकचा थर चढे आणि प्रवाह थांबे. आर्सेनिकच्या वाफेने त्याची प्रकृती इतकी बिघडे की काम मध्येच सोडावे लागे; असे चार वेळा झाले. या धडपडीतून दोन गोष्टी मात्र त्याच्या पदरात पडल्या. एक, द्रवात लवण मिसळून त्याला विजेची वाट करून देता येते. दुसरी, हा वायू उष्णतेत अनावर होतो, तेव्हा त्याला शक्य तितके थंडीत गाठले पाहिजे. फ्रेमीने विस्तवात गाठले होते. शिष्य उलट टोकाला गेला.

त्याने इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची प्लॅटिनमची नळी करविली. तिच्या दोन्ही तोंडांत फ्लोरस्पारची बुचे बसविली. नॉक्स बंधूंचे भांडे अशा रीतीने पन्नास वर्षांनी बुचांच्या रूपाने परत आले. बुचांतून प्लॅटिनम-इरिडियम या मिश्रधातूच्या दोन कांड्या आत सोडल्या. नळीत फ्रेमीच्या रीतीने केलेले निर्जल अम्ल भरले आणि त्यात पोटॅशियमचे दुहेरी लवण विरघळविले. हे अम्ल साडेएकोणीस अंश सेंटिग्रेडला उकळते. आपल्या खानदेशात वैशाखात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो तेव्हा ते बाटलीत द्रव म्हणून राहणार नाही, आणि पॅरिसचा जूनही काही त्याच्या सोयीचा नव्हे. म्हणून नळीभोवती मेथिल क्लोराइड हा झपाट्याने उडणारा द्रव ठेवून सर्व सरंजाम उणे ५० अंशांपर्यंत थंड केला. मग बुनसेन घटांच्या माळेतून प्रवाह सोडला. तो दिवस होता २६ जून १८८६.

ऋणाग्राच्या बाजूने हायड्रोजन निघू लागला. धनाग्राच्या बाजूनेही वायू निघाला. सिलिकॉनचे स्फटिक, म्हणजे वाळूतील मूलद्रव्य, जे साध्या हवेत ढिम्म पडून राहते, ते त्या वायूच्या वाटेत धरताच पेटले आणि लखलखत जळाले.

दोन दिवसांनी, २८ जूनला, विज्ञान अकादमीपुढे ही बातमी वाचली गेली. तिची भाषा मोठी सावध होती. हा वायू फ्लोरीन असणे सर्वांत सोपे अनुमान, परंतु हायड्रोजनचे एखादे नवे फ्लोराइड किंवा अम्लाची वाफ व ओझोन यांचे मिश्रणही असू शकेल, असे म्वासांने स्वतःच म्हटले. अकादमीने तपासणीसाठी तिघांची समिती नेमली. त्यांत बर्तलो होते, दब्रे होते आणि तिसरे होते वृद्ध फ्रेमी.

समिती आली. म्वासांने या प्रसंगासाठी विशेष काळजी घेऊन, पुन्हा पुन्हा शुद्ध केलेले अम्ल नळीत भरले होते. प्रवाह सोडला. काही झाले नाही. एक बुडबुडा नाही. तीस वर्षांपूर्वी ज्या भिंतीवर आपले डोके आपटले होते त्याच भिंतीवर शिष्याचे आपटताना फ्रेमीला काय वाटले असेल, याची कल्पनाच करावी.

समिती गेल्यावर म्वासां कारण शोधीत बसला आणि ते सापडले. काळजी जास्तीच झाली होती. आधीच्या प्रयोगांत अम्लाबरोबर पोटॅशियमचे लवण आपोआप थोडे वाहून येई आणि वीज तेच वाहून नेई. या खेपेस त्याने अम्ल इतके निर्मळ केले होते की लवणाचा कणही उरला नव्हता. अडथळा मळाचा नव्हता, मळ नसण्याचा होता! त्याने मोजून लवण घातले, समितीला पुन्हा पाचारण केले, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत वायू निघाला. आम्हांस हा प्रसंग २६ जूनपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. त्या दिवशी वायू मिळाला होता, पण तो का मिळाला हे मिळविणाऱ्यालाही पुरते ठाऊक नव्हते. ते कळले फजितीनंतर.

हायड्रोजनविषयीचा संशयही त्याने सोडला नाही. लोखंडाच्या तापविलेल्या तारा वजन करून नळीत ठेवल्या आणि त्यांवरून वायू नेला. वायूत हायड्रोजन असता तर तो पलीकडे जमा झाला असता. तो झाला नाही. लोखंडाचे वजन जेवढे वाढले तेवढ्याच फ्लोरीनचा हिशेब ऋणाग्रावरच्या हायड्रोजनच्या मापाशी जुळला. जमाखर्च पै पैचा बसला.

खर्चाची बाजू मात्र जड होती. एक ग्रॅम वायूमागे कित्येक ग्रॅम प्लॅटिनम झिजून जाई. पुढे १८९९ साली म्वासांला आढळले की तांब्याचे भांडेही चालते. फ्लोरीन तांब्याला खातोच, पण पहिल्या घासात तांब्यावर फ्लोराइडची पातळ साय धरते आणि तीच पुढच्या घासाला अडविते. राजघराण्यातील धातू हरला, आणि आपल्या घरातील हंड्या-कळशांचा धातू टिकला.

म्वासांला १९०६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. फ्लोरीनसाठी व त्याने सिद्ध केलेल्या विजेच्या भट्टीसाठी. त्या वर्षी रशियाच्या मेंडेलेव्हचेही नाव विचारात होते. ज्याच्या कोष्टकात फ्लोरीन हाती येण्यापूर्वीच त्याचे घर बांधून ठेवले होते तो हा मेंडेलेव्ह. १९०७ च्या फेब्रुवारीत, एकाच महिन्यात, दोघेही गेले. म्वासां अवघा ५४ वर्षांचा होता.

त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे फ्लोरीन हा प्रयोगशाळेतील नवलाचा विषय राहिला. मधल्या काळात रीत सुधारली. फ्रान्समध्येच लबो व दामियां यांनी १९२५ साली पोटॅशियम फ्लोराइडच्या एका भागास हायड्रोजन फ्लोराइडचे दोन भाग असे मिश्रण घेतले. ते सत्तर-बहात्तर अंशांना वितळते, म्हणजे चहाच्या आधणाइतकीही उष्णता लागत नाही. उणे ५० अंशांचा खटाटोप गेला. आजचे कारखाने मुख्यतः याच मिश्रणावर चालतात. भांडे पोलादाचे किंवा निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे, धनाग्र दाबून केलेल्या कोळशाचा, उष्णतामान ८० ते १०० अंश, दाब आठ ते बारा व्होल्ट. कोळसाही वाटेल तो चालत नाही. पेन्सिलीतील शिशासारखा पापुद्र्यांचा असेल तर फ्लोरीन पापुद्र्यांत शिरतो आणि कांडी फुगून फुटते. हिशेबाने तीन व्होल्ट पुरावेत, वरचे सगळे उष्णता होऊन जातात, म्हणून तापविण्यापेक्षा भांडे थंड ठेवण्याचीच काळजी अधिक. दोन अग्रांच्या मध्ये धातूचा पडदा द्रवात बुडवून सोडतात. तो नसेल आणि हायड्रोजन व फ्लोरीन यांची गाठ पडली, तर गोरच्या प्रयोगशाळेत झाले तेच मोठ्या प्रमाणावर होईल. लवण संपत नाही. अम्ल तेवढे खर्च होते, तेच वरून घालीत राहावयाचे.

हे सारे कारखान्याच्या मापावर प्रथम आले ते दुसऱ्या महायुद्धात, आणि त्याचे निमित्त काही भूषणावह नव्हे. युरेनियमचे दोन भाऊ, २३५ व २३८ वजनांचे, वेगळे करावयाचे तर युरेनियमला वायुरूप द्यावे लागते. युरेनियम हेक्झाफ्लोराइड साधारण ५६-५७ अंशांना वायू होते. शिवाय फ्लोरीनचे अणू निसर्गात सगळे एकाच वजनाचे असतात, त्यामुळे रेणूंच्या वजनांत फरक पडतो तो फक्त युरेनियमचा. दुसरे कोणतेही मूलद्रव्य येथे इतके सोयीचे नव्हते. अमेरिकेत ओक रिज येथील अवाढव्य कारखान्यात १९४५ पर्यंत हे काम सुरू झाले. आपल्या तुर्भ्याला ३० जानेवारी १९५९ रोजी अणुशुद्ध युरेनियमचा पहिला ठोकळा निघाला. त्याच्या वाटेवरही युरेनियमचे एक फ्लोराइड होते, पण तेथे अम्लावर भागते, मोकळ्या वायूची गरज पडत नाही.

सर्वसामान्य माणसाच्या संसारात मोकळा फ्लोरीन असा येत नाहीच. दंतमंजन, न चिकटणारा तवा, फ्रीजचा वायू ही सगळी मंडळी अम्लाच्या वाटेने येतात. वीजमंडळाच्या मोठ्या उपकेंद्रांतील स्विचांत मात्र सल्फर हेक्झाफ्लोराइड हा वायू भरलेला असतो, आणि तो गंधक फ्लोरीनमध्ये जाळूनच करावा लागतो. म्वासां व लबो यांनीच तो प्रथम बनविला. ठिणगी विझविण्यात त्याला जोड नाही. वातावरणात निसटला तर पृथ्वी तापविण्यातही नाही. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या तेवीस हजार पटींहून भारी पडतो. म्हणून आता त्याला पर्याय शोधण्याचे काम जगभर चालू आहे.

विजेवाचून फ्लोरीन निघतच नाही, असे पाठ्यपुस्तके शंभर वर्षे सांगत आली. म्वासांच्या प्रयोगाची शताब्दी भरली त्याच १९८६ साली अमेरिकेतील कार्ल क्रिस्टे याने मँगॅनीजचे एक फ्लोराइड व अँटिमनीचे एक फ्लोराइड एकत्र तापवून निव्वळ रासायनिक रीतीने तो काढून दाखविला. कारखान्यांनी त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. वीजच स्वस्त पडते. परंतु पाठ्यपुस्तकातले ते वाक्य बदलावे लागले.

त्यापुढचे वाक्यही बदलले. फ्लोरीन निसर्गात मोकळा सापडत नाही, असे ते वाक्य होते. बव्हेरियात व्योल्सेनडॉर्फ येथे फ्लोरस्पारचाच एक काळपट जांभळा प्रकार मिळतो. तो हातोडीने फोडला की उग्र वास येतो, म्हणून खाणकामगार त्याला ‘घाणेरा दगड’ म्हणत. वास कशाचा यावर रसायनशास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकापासून वाद घालीत होते. २०१२ साली म्यूनिकच्या शास्त्रज्ञांनी दगड न फोडता, चुंबकीय अनुस्पंदनाने त्याच्या पोटात पाहिले. आत कोंडलेला मोकळा फ्लोरीन होता. दगडात युरेनियमचे कण आहेत; त्यांच्या किरणांनी लक्षावधी वर्षांत फ्लोरस्पारची गाठ थोडी थोडी उकलली होती, आणि सुटलेला वायू बाहेर वाट न मिळाल्याने त्याच दगडाच्या बारीक पोकळ्यांत राहिला होता. खाणकामगार तो रोज हुंगत होते, ज्या वर्षी नॉक्स बंधू त्याच खनिजाचे भांडे कोरीत बसले होते त्या वर्षीदेखील.